आवाज बसला आहे? घसा पाहून घ्या

एप्रिल महिना सरला की आपल्या वस्त्यांतून निम्म्या लोकांचे घसे बसलेले असतात. मिरवणुकीत घोषणा दिलेल्या असतात, रात्र रात्र भीमगीतांचे कार्यक्रम झालेले असतात, डॉल्बीच्या आवाजावर आवाज चढवून एकमेकांना हाका मारलेल्या असतात. चार-आठ दिवस गरम पाणी प्यायले, थोडे कमी बोलले, की बहुतेकांचा आवाज मोकळा होतो. त्याची कुणी काळजीही करीत नाही आणि करण्याचे कारणही नाही.

पण काहींचा आवाज मोकळा होत नाही. मे जातो, जून जातो, तरी घोगराच राहतो. अशा घरांतून मग दोन प्रकारची माणसे आम्हाला भेटतात. एक म्हणतात, "घसाच तर बसलाय, त्याला काय डॉक्टर?" दुसरी मनातल्या मनात कॅन्सरची धास्ती घेतात आणि त्या धास्तीनेच डॉक्टरकडे जात नाहीत. दोघांचेही नुकसान होते. म्हणून या वेळी स्वरयंत्रात होणाऱ्या साध्या, म्हणजे कॅन्सर नसलेल्या गाठींविषयी सविस्तर लिहीत आहोत.

वहिनींची गोष्ट

आमच्या एका स्नेह्यांची पत्नी हातगाडीवर भाजी विकते. नाव येथे देत नाही, वहिनी म्हणू. एका संध्याकाळी आम्ही त्यांच्याकडे गेलो, तर वहिनी चहा ठेवताना काही बोलल्या आणि आम्हाला शब्दच कळले नाहीत. आवाज फाटलेला, मध्येच हवा निघून जावी तसा.

"वहिनी, आवाजाला काय झालं?"

"भाऊजी, होळीपासून असंच आहे. सकाळी जरा बरा असतो. दुपारपर्यंत पार जातो."

स्नेही म्हणाले, "अहो, भाजीवालीचा घसा बसायचाच. मेडिकलमधून तीनदा गोळ्या आणल्या. काही फरक नाही."

शेजारच्या एकीने अंगारा लावायला सांगितले होते. दुसरीने कानात सांगितले होते की घशात गाठ म्हणजे तोच रोग. स्नेही बाहेर गेल्यावर वहिनी हळूच म्हणाल्या, "तपासलं आणि तोच निघाला तर? दोन पोरी आहेत पदरात. त्यापेक्षा न कळलेलं बरं."

वाचकहो, हे वाक्य आम्ही फार घरांतून ऐकले आहे. न कळलेले कधीच बरे नसते. साधा आजार असेल तर भीतीचे चार महिने फुकट जातात आणि वाईट असेल तर उपचाराचे चार महिने हातचे जातात. दोन दिवसांनी आम्ही तिघे सरकारी रुग्णालयात गेलो. केसपेपर काढून कान-नाक-घसा विभागाच्या रांगेत बसलो. तेथे काय झाले ते पुढे सांगतो. आधी आवाज कसा निघतो ते थोडक्यात पाहू.

आवाज कसा निघतो?

गळ्याच्या पुढच्या बाजूला जो कडक उंचवटा हाताला लागतो, त्याच्या आत स्वरयंत्र असते. ते श्वासनलिकेच्या तोंडाशी बसवलेले आहे. त्यात डाव्या-उजव्या बाजूला मऊ स्नायूंच्या दोन घड्या असतात. त्यांना स्वरतंतू म्हणतात. नाव तंतू असले तरी त्या तारा नव्हेत, ओलसर पातळ आवरण असलेल्या पट्ट्या आहेत. पुरुषात त्यांची लांबी दोन सेंटिमीटरच्या आसपास असते, बाईत त्याहून कमी.

श्वास घेताना या पट्ट्या दूर होतात. बोलताना जवळ येतात आणि खालून येणाऱ्या हवेने थरथरतात. पुरुषाच्या साध्या बोलण्यात त्या सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा एकमेकींवर आपटतात. बाईच्या बोलण्यात दोनशेच्या आसपास, लहान मुलात त्याहून जास्त. म्हणजे बाईचा आवाज सलग तासभर चालू राहिला, तर पट्ट्या सात लाखांवर वेळा आपटल्या असा हिशेब होतो. आता हेच ओरडून केले, घसा कोरडा असताना केले, रोज केले, तर त्या नाजूक आवरणाचे काय होईल याची कल्पना येईल.

दोन्ही पट्ट्या कडेला कडा लावून मिटल्या की आवाज स्वच्छ येतो. कडेवर एवढासा दाणा आला, तरी मध्ये फट राहते. त्या फटीतून हवा निसटते आणि आवाज घोगरा होतो. बाहेरून गळ्याला हात लावून या गाठी लागत नाहीत, घशात टॉर्च मारूनही दिसत नाहीत. त्यामुळे ज्याने स्वरयंत्र आत डोकावून पाहिलेले नाही, त्याने "साधंच आहे" म्हटले किंवा "कॅन्सर आहे" म्हटले, तरी दोन्ही अंदाजच समजावेत.

गाठी किती प्रकारच्या?

पहिला प्रकार दाण्यांचा. डॉक्टर त्याला नोड्यूल म्हणतात. कुदळ धरून धरून तळहाताला घट्टे पडतात, तसे हे स्वरतंतूंचे घट्टे होत. ते बहुधा दोन्ही पट्ट्यांवर समोरासमोर येतात, कारण तेथेच आपटण्याचा जोर सर्वांत जास्त असतो. शिक्षिका, अंगणवाडी सेविका, फेरीवाले, कंडक्टर, गायक, दिवसभर फोनवर बोलणारी मुले-मुली, आणि आरडाओरडा करणारी शाळकरी पोरे यांना ते होतात. मोठ्यांत बायकांमध्ये प्रमाण जास्त. गिरण्या चालू होत्या त्या काळी साच्यांच्या खडखडाटात आपली माणसे ओरडूनच बोलत. घरी आली तरी तीच सवय राहत असे. आज गिरण्या नाहीत, पण रस्त्यावरचा, वर्कशॉपमधला गोंगाट आहेच.

दुसरा प्रकार पॉलिपचा. ही मऊ, फुगीर गाठ बहुधा एकाच पट्टीवर येते. कधी कधी एकाच जोरदार ओरडण्याने पट्टीतील बारीक रक्तवाहिनी फुटते, आत रक्त साकळते आणि त्यातून पॉलिप तयार होतो. सामन्यात वरच्या पट्टीत गाताना किंवा भांडणात किंचाळताना "एकदम आवाज गेला" असे कुणी सांगितले, तर ही शंका घ्यावी. अशा वेळी गाणे त्याच क्षणी थांबवावे. कार्यक्रम पुरा करायचा म्हणून तसेच गात राहणे म्हणजे मोडक्या पायावर पळणे आहे.

तिसरा प्रकार सिस्टचा. पट्टीच्या आवरणाखाली पातळ किंवा घट्ट द्राव भरलेली पिशवी तयार होते. वरवर पाहता ती दाण्यासारखी दिसू शकते, पण विश्रांतीने आणि व्यायामाने ती जात नाही.

चौथा प्रकार मुख्यतः विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा. दोन्ही पट्ट्यांच्या आवरणाखाली सूज साचते, त्या पाण्याने भरलेल्या फुग्यासारख्या लोंबतात. आवाज जाड होत जातो. विडी ओढणाऱ्या बाईला फोनवर लोक "दादा" म्हणू लागतात, ते यामुळे. येथे पहिला उपचार म्हणजे विडी बंद. ती चालू ठेवून कितीही औषध केले, तरी सूज परत येते.

पाचवा प्रकार पट्ट्यांच्या मागच्या टोकाला होणाऱ्या गाठीचा. तिला ग्रॅन्युलोमा म्हणतात. पोटातले आम्ल रात्री झोपेत वर येणे, सतत खाकरण्याची सवय, किंवा मोठ्या ऑपरेशनच्या वेळी श्वासनलिकेत घातलेली नळी, ही तिची कारणे. आम्लपित्तावर औषध, जेवणाच्या वेळेत सुधारणा आणि खाकरणे बंद, एवढ्यावर ती बहुधा विरते. घाईने कापली तर पुन्हा येण्याचा संभव जास्त असतो.

सहावा प्रकार मात्र लहान मुलांच्या आयांनी नीट वाचावा. त्याला पॅपिलोमा म्हणतात. स्वरयंत्रात चामखिळीच्या घोसासारखी वाढ होते. एचपीव्ही नावाच्या विषाणूच्या ६ आणि ११ या दोन जातींमुळे ती होते. हा विषाणू आईकडून बाळंतपणाच्या वेळी बाळाला लागू शकतो. तो अतिशय सर्वत्र आढळणारा विषाणू आहे आणि बहुतेक आयांना आपल्याला तो आहे हे ठाऊकही नसते. म्हणून सुनेला किंवा पत्नीला यात दोष देऊ नये. दोष देणे अन्यायाचे तर आहेच, अज्ञानाचेही आहे.

अशा मुलाचे रडणे आधी घोगरे होते, मग आवाज अगदी बारीक होतो, मग श्वास घेताना घशातून आवाज येऊ लागतो. घरचे आणि कधी कधी डॉक्टरही याला दमा समजतात आणि महिनोन्महिने दम्याचे औषध चालते. पाच वर्षांच्या आतल्या मुलाचा आवाज महिनाभर घोगरा असेल आणि दम्याच्या औषधाने उतार नसेल, तर मुलाचे स्वरयंत्र पाहून घ्या असा आग्रह धरा. ही वाढ कॅन्सर नव्हे, पण श्वासाची वाट बंद करू शकते, म्हणून ती जिवावर बेतू शकते. ऑपरेशनने ती काढतात. ती पुन्हा पुन्हा येते, म्हणून काही मुलांना अनेकदा ऑपरेशन करावे लागते. पालकांनी खचून जाऊ नये आणि मध्येच तपासणी सोडू नये.

या विषाणूवर लस आहे. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी मुलींना देतात तीच. तिच्या काही प्रकारांत ६ आणि ११ या जातींपासूनही संरक्षण मिळते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०२३ साली बाजारात आणलेली भारतीय लस अशी चार जातींची आहे. ऑस्ट्रेलियात २००७ पासून मुलींना चार जातींची लस देण्यास सुरुवात झाली आणि पुढील काही वर्षांत तेथील मुलांमध्ये हा घशाचा आजार फार कमी झाला. आज मुलीला दिलेली लस उद्याच्या तिच्या बाळाचा घसा राखते.

तपासणी कशी होते?

जिवंत माणसाचे बोलते स्वरयंत्र आरशात पाहून ज्याने ते जगापुढे मांडले, तो डॉक्टर नव्हता हे वाचून वाचकांना नवल वाटेल. तो होता मॅन्युएल गार्सिया नावाचा स्पॅनिश गायनशिक्षक. गळा कसा चालतो हे पाहण्याचा त्याला ध्यास होता. १८५४ साली पॅरिसमध्ये त्याने दाताच्या डॉक्टरचा लांब दांड्याचा छोटा आरसा घशात धरला, दुसऱ्या आरशाने त्यावर सूर्यप्रकाश पाडला आणि स्वतःचेच स्वरतंतू हलताना पाहिले. १८५५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याचा निबंध वाचला गेला. पुढे गार्सिया एकशे एक वर्षे जगला. अनुभव घ्यावा, स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे आणि मगच बोलावे, हा धडा त्या गायनशिक्षकाने डॉक्टरांना घालून दिला.

आजही ओपीडीत पहिली तपासणी अशाच आरशाने होऊ शकते. वहिनींची तशीच झाली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. म्हणाल्या, "ताई, जीभ बाहेर काढा, मी फडक्यात धरते. तोंडाने श्वास घ्या. आता 'ई' म्हणा." वहिनींना थोडी उमळ आली. मग बाईंनी तोंडातून सरळ दुर्बीण घातली. तिचे चित्र समोरच्या पडद्यावर दिसत होते. ज्यांना फार उमळ येते, त्यांच्या घशात बधिर करणारा फवारा मारतात किंवा नाकातून बारीक, लवचिक दुर्बीण घालतात. याला भूल लागत नाही, दुखत नाही, काही मिनिटांचे काम आहे.

पडद्यावर दोन पांढऱ्या पट्ट्या उघडझाप करीत होत्या. बाई म्हणाल्या, "हे बघा ताई, समोरासमोर दोन दाणे. हाताला घट्टे पडतात ना, तसे. हा कॅन्सर नाही. आणि ऑपरेशनही लागणार नाही बहुतेक."

वहिनींनी पडद्याकडे पाहिले, मग स्वतःच्या तळहाताकडे पाहिले, आणि तेथेच रडू लागल्या. चार महिन्यांची भीती होती ती.

मोठ्या रुग्णालयांत आणखी एक यंत्र असते. त्यात दिवा ठराविक वेगाने उघडझाप करतो, त्यामुळे झरझर थरथरणारी पट्टी सावकाश हलल्यासारखी दिसते. दाणा आहे की आतली सिस्ट, हे ओळखायला त्याचा फार उपयोग होतो. प्रत्येकाला ती तपासणी लागतेच असे नाही.

तुकडा कधी तपासतात?

डॉक्टरांना पट्टीवर पांढरा किंवा लाल खडबडीत चट्टा दिसला, गाठ एकाच बाजूला आणि वेडीवाकडी असली, पट्टी हलत नसली, किंवा माणूस अनेक वर्षे तंबाखू-विडीत असला, तर ते भूल देऊन गाठ किंवा तिचा तुकडा काढतात आणि तपासायला पाठवतात. "तुकडा काढला की रोग पसरतो" असा समज आपल्यात खोल रुजला आहे. तो खोटा आहे. या भीतीने तुकडा न देणारा माणूस उशीर करून घेतो.

दुसरी गोष्टही तितकीच महत्त्वाची. एकदा तुकड्यात काही निघाले नाही म्हणजे विषय कायमचा संपला असे नव्हे. जर्मनीचा युवराज फ्रेडरिक याचा आवाज १८८७ च्या सुरुवातीला बसला. तो तंबाखू पुष्कळ ओढत असे. बर्लिनच्या डॉक्टरांना कॅन्सरची शंका होती. इंग्लंडहून आलेल्या मॅकेन्झी या घशाच्या डॉक्टरांनी तुकडे काढले आणि त्या काळचे सर्वांत मोठे तज्ज्ञ फिर्को यांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. कॅन्सर दिसला नाही. महिने गेले. त्या वर्षाच्या अखेरीस मात्र कॅन्सरच असल्याचे स्पष्ट झाले. १८८८ च्या मार्चमध्ये फ्रेडरिक सम्राट झाला तेव्हा त्याच्या गळ्यात श्वासाची नळी होती, वाचा गेलेली होती. नव्व्याण्णव दिवस राज्य करून जूनमध्ये तो वारला. तुकडा वरवरचा किंवा नेमक्या जागेचा नसला, तर असे होऊ शकते. आजची साधने त्यापेक्षा कितीतरी चांगली आहेत, पण नियम तोच. अहवाल चांगला आला तरी आवाज सुधारत नसेल, तर पुन्हा जाऊन दाखवायचे.

आपल्याकडे आणखी एक शंका ठेवावी लागते, ती टीबीची. टीबी स्वरयंत्रातही होतो. आवाज बसला आहे, सोबत दोन आठवड्यांवर खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे असे असेल, तर बेडका तपासून घ्यावा. सरकारी केंद्रात ही तपासणी आणि औषधे मोफत आहेत.

उपचार : आधी सवय, मग सुरी

दाण्यांवर पहिला उपचार ऑपरेशन नव्हे. कारण उघड आहे. कुदळ तशीच धरत राहिलो, तर घट्टा कापूनही पुन्हा पडणारच. म्हणून वाचा-उपचार तज्ज्ञ आवाज वापरण्याची रीत बदलायला शिकवतात. गळ्याने नव्हे, पोटापासूनच्या श्वासाने बोलायचे. मान, जबडा, खांदे सैल सोडायचे. ओठ मिटून हलके गुणगुणायचे. पाण्यात बुडवलेल्या नळीतून आवाज करीत फुंकायचे. आठवड्याला एक बैठक आणि रोज घरी थोडा थोडा सराव, असे साधारण दोन-तीन महिने चालते. दिसायला पोरखेळ वाटतो, म्हणून आपली माणसे दोन बैठकांत सोडून देतात. सोडू नये. शाळकरी मुलांचे दाणे याच मार्गाने आणि वय वाढेल तसे बहुतेक वेळा बरे होतात. त्यांना सहसा ऑपरेशन करीत नाहीत.

पॉलिप लहान असेल तर काही वेळा विश्रांतीने व व्यायामाने जिरतो, पण मोठ्या पॉलिपला आणि सिस्टला बहुधा ऑपरेशन लागते. त्याची भीती बाळगू नये. गळ्यावर बाहेरून चिरा देत नाहीत. पूर्ण भूल देऊन तोंडातून धातूची नळी घालतात, सूक्ष्मदर्शकातून पाहत अगदी बारीक अवजारांनी किंवा लेसरने गाठ काढतात. बहुतेकांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडतात. दात दुखणे, जिभेला थोडे दिवस बधिरपणा असे होऊ शकते. खरा धोका एकच. पट्टीवर व्रण राहिला तर आवाज पूर्वीसारखा होत नाही. म्हणून ज्याचे पोट गळ्यावर आहे, त्याने डॉक्टरांना आधीच सांगावे, "साहेब, मी गातो" किंवा "मी वर्गात शिकवते." आणि पुढील चार प्रश्न न लाजता विचारावेत. गाठ कोणत्या प्रकारची आहे? आवाजाच्या व्यायामाने जाईल का? काढलेली गाठ तपासायला पाठवणार का? किती दिवस बोलायचे नाही?

ऑपरेशननंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस, बहुधा तीन ते सात, पूर्ण मौन पाळावे लागते. घरात पाटी-पेन्सिल ठेवावी. या दिवसांत त्या व्यक्तीशी भांडण काढू नये, हेही घरच्यांचे औषधच आहे. मौन सुटल्यावर हळूहळू बोलायला लागावे आणि व्यायाम चालू ठेवावा.

घरी काय करावे?

दिवसभर घोट घोट पाणी प्यावे. साध्या पाण्याची वाफ घ्यावी, तिने घसा ओला राहतो. सतत खाकरण्याऐवजी एक घोट पाणी गिळावे. कुजबुजून बोलले म्हणजे घशाला आराम मिळतो असे समजू नये. पुष्कळांच्या घशावर त्याने उलट ताणच येतो. बोलायचे तर हळू आवाजात, नाहीतर गप्प. रात्रीचे जेवण आणि झोप यात दोन-तीन तासांचे अंतर असावे. विडी, तंबाखू, गुटखा, मिश्री, दारू बंद.

ज्येष्ठमध, खडीसाखर, हळद-दूध यांनी घशाला बरे वाटते, घ्यायला हरकत नाही. पण त्याने गाठ विरघळत नाही. मिठाच्या गुळण्यांचे पाणी तर स्वरतंतूंपर्यंत पोचतच नाही, पोचले तर ठसका लागेल. अंगारा, गंडा, घसा उतरवणे यात वेळ आणि पैसा दोन्ही जातात. मेडिकलमधून आपल्या मनाने अँटिबायोटिक घेऊ नये. गाठीवर त्याचा काडीचा उपयोग नाही.

गायन पार्टीतल्या बंधू-भगिनींना एक विनंती. गाण्याआधी दहा मिनिटे हलक्या सुरात गळा तापवा. आपल्या पट्टीपेक्षा वर केवळ ईर्ष्येने जाऊ नका. साउंडवाल्याला सांगून आपला आवाज आपल्याला ऐकू येईल असा बॉक्स लावून घ्या, कारण स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की माणूस ओरडतो. लागोपाठ तीन रात्री कार्यक्रम असले, तर दिवसा गळ्याला सुट्टी द्या. मुक्रर, मुक्रर म्हणणारे श्रोते दुसऱ्या दिवशी औषधाला पैसे देत नाहीत.

कुठे जावे?

वैद्यकीय महाविद्यालयांच्या सरकारी व महापालिका रुग्णालयांत कान-नाक-घसा विभाग असतो. जिल्हा रुग्णालयातही चौकशी करावी. मुंबईत वांद्रे रेक्लमेशन येथे अली यावर जंग यांच्या नावाची वाचा व श्रवणाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे, तेथे वाचा-उपचार मिळतात. कामगार विमा असेल तर त्या रुग्णालयात दाखवावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कान-नाक-घशाच्या काही शस्त्रक्रिया येतात. आपली शस्त्रक्रिया त्यात बसते का, हे रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे.

पुन्हा वहिनींकडे

वहिनींना व्यायाम सांगितले, पण खरा प्रश्न गाडीचा होता. ओरडल्याशिवाय भाजी खपणार कशी? त्यावर स्नेह्यांनीच तोड काढली. थोरल्या मुलीच्या आवाजात "ताजी मेथी, पालक, कोथिंबीर" असे एकदाच भरून घेतले आणि गाडीला रेकॉर्ड वाजवणारा छोटा भोंगा बांधला. भाव सांगायला वहिनी पाटीवर खडूने लिहू लागल्या. ज्या गृहस्थांनी "घसा बसायचाच" म्हटले होते, तेच आता रोज सकाळी पाण्याची बाटली भरून गाडीवर ठेवतात.

तीन महिन्यांनी आम्ही पुन्हा त्यांच्याबरोबर ओपीडीत गेलो. एक दाणा गेला होता, दुसरा अगदी बारीक उरला होता. आवाज पूर्वीइतका खणखणीत नाही, पण धाकटीला स्वयंपाकघरातून मारलेली हाक गल्लीत ऐकू जाते. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, चार महिने मी उगाच मरत होते."

म्हणून प्रत्येक घराने एवढे कापून भिंतीला लावावे. आवाज तीन आठवड्यांवर बसलेला राहिला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरयंत्र पाहून घ्यायचे. तंबाखू-विडी असेल तर तीन आठवडेही थांबायचे नाही. गिळताना अडकत असेल, थुंकीतून रक्त येत असेल, मानेत गाठ लागत असेल, वजन उतरत असेल किंवा कान सतत दुखत असेल, तर त्याच आठवड्यात जायचे. श्वास घेताना घशातून आवाज येत असेल, मग तो मोठ्याचा असो की लहान मुलाचा, तर त्याच घटकेला रुग्णालय गाठायचे.

बहुतेकांच्या घशात साधेच काही निघते. पण ते पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि पाहायला पाच मिनिटे लागतात.